भाव उतरला की चव चढते

मंडईत शिरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फळ किंवा भाजी ज्या आठवड्यात सगळ्यांत स्वस्त असते, बहुतेकदा त्याच आठवड्यात ती सगळ्यांत चवदार लागते. माल झाडावर, वेलावर नीट तयार होऊन सगळीकडून एकदम येऊ लागतो, आवक वाढते आणि भाव उतरतो. मोसमाआधी येतो तो माल बरेचदा घाईनं तोडलेला असतो, नाहीतर लांबच्या प्रवासानं दमलेला. हे गणित जमलं की खिसा आणि जीभ दोन्ही खूश. या नियमाला अपवादही आहेत, आणि खरी गंमत त्यांच्यातच आहे.

हापूस खायचा तर मेमध्ये

वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी जानेवारीत, कधी त्याच्याही आधी येते. तिची पूजा होते, फोटो छापून येतात आणि भाव ऐकून सामान्य माणूस पुढचे दोन महिने आंब्याचं नाव काढत नाही. ते बरंच आहे! कोकणातला खरा हंगाम मार्च ते मे. त्यातही एप्रिलअखेर ते मेचा मध्य हा काळ सोन्याचा. ऊन तापलेलं असतं, फळ झाडावर पुरतं भरलेलं असतं आणि पेटीचा भाव मोसमाच्या सुरुवातीच्या निम्म्याहूनही खाली आलेला असतो.

पेटीचंही एक गुपित आहे. लाकडी पेटीचा आकार साधारण तोच, पण तिच्यात चार डझन आंबे बसतात की आठ डझन, यावर भाव ठरतो. कमी आंबे म्हणजे मोठं फळ, म्हणून चार डझनी पेटी महाग आणि आठ डझनी स्वस्त. घरी आमरस करायचा असेल तर लहान फळाची पेटी घ्या. वाटीत रस एकदा आला की फळ केवढं होतं हे कोण विचारतो?

मे संपला, पाऊस आला, तरी हापूस लगेच संपत नाही. जूनमध्ये पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरचा हापूस येतो. घाटावरचं हवामान थंड, म्हणून तिथलं फळ कोकणापेक्षा उशिरा तयार होतं. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात कुणी हापूस दाखवला तर तो थेट आफ्रिकेतल्या मालावी देशातून आलेला असण्याची शक्यता मोठी! विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे, त्यामुळे आपल्या थंडीत तिकडे आंब्याचा मोसम असतो. तिथल्या बागांची मूळ कलमं मात्र कोकणातली.

हापूसचा जुना शत्रू म्हणजे साका. बाहेरून देखणं फळ, आणि कापलं की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. वरून तो दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक आणि बागायतदार दोघंही हळहळतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला. त्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूसच्या संकरातून ‘सिंधू’ आला, ज्याची कोय अगदी पातळ असते. हे आंबे बाजारात दिसले तर नक्की घ्या. हापूसच्या नावाच्या दबदब्यामुळे ते उगाच मागे राहिले, असं माझं ठाम मत आहे.

२०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे इतर ठिकाणच्या आंब्याला कोकणचा हापूस म्हणून विकण्याला कायद्यानं आडकाठी आली. तरी पेटीवरचा पत्ता वाचून घेण्याची सवय लावून घ्या.

आंबा अमेरिकेला गेला, तो कांद्याच्या गावावरून

अमेरिकेनं भारतीय आंब्याला जवळजवळ अठरा वर्षं दार बंद ठेवलं होतं. कोयीतल्या किडीची त्यांना धास्ती होती. २००७ मध्ये ते दार उघडलं, पण आंब्यावर विकिरण प्रक्रिया करूनच पाठवा, या अटीवर. ही सोय तेव्हा होती कुठे? नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला! भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र तिथे उभं राहिलं होतं ते मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. असा कोकणचा राजा घाट चढून कांद्याच्या पंढरीत आला आणि तिथून साता समुद्रापार गेला.

कांदा एक नाही, तीन

दुकानात आपण ‘एक किलो कांदा’ म्हणतो आणि मोकळे होतो. शेतकरी मात्र तीन वेगवेगळ्या कांद्यांबद्दल बोलतो. पावसाळ्यात लावलेला, ऑक्टोबर ते डिसेंबरात निघणारा लाल ‘पोळ’ कांदा. त्याच्या मागून जानेवारी ते मार्चमध्ये येणारा ‘रांगडा’. आणि एप्रिल-मेमध्ये निघणारा ‘उन्हाळ’ कांदा, ज्याला शहरात गावरान म्हणून ओळखतात.

पोळ कांद्यात पाणी जास्त, साल पातळ. तो साठवला की सडतो, म्हणून आला तसा विकावा लागतो. उन्हाळ कांद्याची साल घट्ट आणि पापुद्रे सुकलेले, त्यामुळे तो कांदाचाळीत चार-सहा महिने टिकतो. देशाच्या एकूण कांद्यातला ६० टक्के किंवा त्याहून अधिक हाच रब्बीचा कांदा असतो. जूनपासून दिवाळीच्या तोंडापर्यंत तुमच्या फोडणीत पडतो तो चाळीतून काढलेला उन्हाळ कांदा.

आता भावाचं कोडं सुटतं. चाळीतला कांदा सप्टेंबरात संपत येतो, आणि नवा पोळ बाजारात यायला अवकाश असतो. नेमक्या त्या खिंडीत परतीचा पाऊस कोसळला की पोळ शेतातच नासतो आणि भाव उसळतो. १९९८ मध्ये दिल्लीतल्या विधानसभा निवडणुकीचा निकाल कांद्यानं फिरवला असं आजही म्हटलं जातं. तो भडका असाच शरदातला.

पण या नाण्याची दुसरी बाजू शहरातल्या माणसानं समजून घ्यायला हवी. चाळीत ठेवलेल्या कांद्याचं वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. सहा महिन्यांत तिसरा हिस्सा हातचा जाणं ही नेहमीची गोष्ट. म्हणजे शेतकऱ्याला सप्टेंबरात मिळणारा चढा भाव हा उरलेल्या दोन हिश्शांचा असतो. त्यातच ऐन वेळी निर्यातीला खीळ बसते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, त्याच डिसेंबरात थेट बंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली ती किमान निर्यातमूल्याच्या अटीसह, आणि शुल्क पूर्णपणे गेलं ते एप्रिल २०२५ मध्ये. इतक्या धरसोडीत कांदा पिकवणारा माणूस लागवड कशाच्या भरवशावर ठरवणार?

साठवणुकीचा कांदा हवा असेल तर एप्रिल-मेमध्ये घ्या आणि हवेशीर जागी पसरून ठेवा. फ्रिजमध्ये नको, बटाट्याच्या शेजारी नको.

झाडाला उपाशी ठेवून आणलेला बहार

डाळिंब वर्षभर कसं मिळतं? शेतकऱ्यानं झाडाशी केलेल्या एका अचाट करारामुळे! डाळिंब, संत्रं, लिंबू ही झाडं आपल्या हवेत वर्षातून दोन-तीनदा फुलू शकतात. शेतकरी त्यातला एकच बहार निवडतो. ठरावीक दिवस झाडाचं पाणी तोडतो, झाडाला ताण बसतो, पानं गळतात. मग पाणी आणि खत देताच झाड फुलांनी लदबदतं. याला म्हणतात ‘बहार धरणं’. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. यातली दोन नावं पावसाच्या नक्षत्रांवरून आणि एक आंब्याच्या मोहोरावरून. कॅलेंडर याहून देखणं असूच शकत नाही.

नागपुरी संत्र्याचे दोन बहार तर खाऊन ओळखता येतात. आंबे बहाराची, विदर्भात ज्याला आंबिया म्हणतात ती, संत्री दिवाळीच्या आसपास येतात आणि किंचित आंबटसर असतात. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, ती अधिक गोड. आणि सालीच्या हिरव्या रंगाला घाबरू नका. संत्र्याला केशरी रंग चढतो तो रात्री थंड झाल्या की. ऑक्टोबरात रात्री उबदार असतात, त्यामुळे आतून गोड झालेलं संत्रंही बाहेरून हिरवट राहतं.

उन्हाळ्यात लिंबू इतकं का महागतं, त्याचंही उत्तर बहारात आहे. एप्रिलला लिंबू हवं तर हस्त बहार धरावा लागतो, आणि तेव्हा जमिनीत पावसाची ओल असते. मग ताण बसत नाही, फूल कमी लागतं. मागणी कळसाला आणि फळ तळाला! पावसाळ्यात हेच लिंबू ढिगानं येतं. लोणचं तेव्हाच घाला.

पुरंदरच्या अंजिराच्या दोन बहारांची नावं तर सरळ चवीवरूनच: खट्टा आणि मीठा. मीठा बहार उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतो. सासवडकडचं ताजं अंजीर तोडल्यावर दोन दिवसही धड टिकत नाही, म्हणून लांबच्या शहरांना ते ताजं क्वचितच मिळतं. पुणेकरांनो, तुमच्या नशिबाचा हेवा वाटतो.

द्राक्षाची रीत आणखी वेगळी. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, फळ एकदाच. एप्रिलची खरड छाटणी पुढच्या वर्षाची काडी तयार करते, ऑक्टोबरची छाटणी घड आणते. त्यानंतर साधारण चार महिन्यांनी द्राक्षं तयार. म्हणून नाशिक-सांगलीचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. सटाणा-बागलाणकडचे धाडसी शेतकरी पावसाळ्यातच छाटणी करतात, म्हणजे डिसेंबरात ‘अर्ली’ द्राक्षं येतात आणि भाव खातात. बिघडलेल्या पावसात तोच जुगार अंगावरही येतो. द्राक्षावरची ती पांढरी धूसर लव औषधाचीच असते, हा गैरसमज सोडा. ते फळाचं स्वतःचं मेणचट आवरण असतं, आणि लव शाबूत असेल तर घड फारसा हाताळला गेलेला नाही. धुऊन मात्र घ्याच.

लखनौचा पेरू पुण्यात जन्मला

पेरूवाल्याकडे ‘लखनौ ४९’ असतो. नाव ऐकून तो उत्तरेकडचा वाटतो, पण या वाणाची निवड १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात झाली. बियाणं लखनौचं, जन्म पुण्याचा. त्यालाच सरदार पेरू म्हणतात. त्यामागचे शास्त्रज्ञ डॉ. चिमा. याच केंद्रात त्यांनी १९३६ मध्ये डाळिंबाचा ‘गणेश’ वाण निवडला आणि महाराष्ट्रातल्या डाळिंबाचा चेहरा बदलला. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा लालबुंद ‘भगवा’ आला, तोही गणेशाच्याच वंशातला.

शेतकरीही मागे नव्हते. ‘तास-ए-गणेश’ द्राक्ष तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वेंनी निवडलं, लांबट ‘सोनाका’ सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळेंनी. सीताफळाचा मोठ्या गराचा ‘एनएमके-१ गोल्डन’ बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटेंचा. हे शोध लागले ते स्वतःच्या बागेतलं एखादं वेगळं झाड ओळखणाऱ्या डोळ्यांना.

घरी काय पिकेल, काय नाही

कच्चं द्राक्ष आणून चार दिवस ठेवलं तर ते गोड होईल का? नाही, कधीच नाही. काही फळं तोडल्यावरही पिकत राहतात: आंबा, केळं, चिकू, पपई, सीताफळ, पेरू, टोमॅटो. ही थोडी कच्ची घेतली तरी चालतात. काहींचा गोडवा देठ तुटला त्या क्षणी थांबतो: द्राक्ष, संत्रं, लिंबू, डाळिंब, कलिंगड, अननस, स्ट्रॉबेरी. ही फळं तयार दिसतील तीच घ्या. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा रुंद आणि पिवळसर झाल्या, की ते आढीत घालण्याजोगं झालं. कलिंगडाची जमिनीला टेकलेली बाजू पांढरी असेल तर सोडा, लोण्यासारखी पिवळी असेल तर उचला. डाळिंब गरगरीत गोल नको, बाजूंना थोडं चपटं आणि कोनदार हवं. दाणे भरले की साल अशी ताणली जाते.

आणि केळं फ्रिजमध्ये ठेवू नका! साधारण १३ अंशांच्या खाली त्याची साल काळवंडते आणि पिकण्याची क्रिया बिघडते.

पिकवण्याचं एक विष मात्र ओळखून राहा. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला देशात बंदी आहे. इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत वापरायला परवानगी आहे, कारण पिकताना फळ स्वतःच तो वायू सोडतं. गवताच्या आढीत आंबा पिकतो तो त्याच वायूनं.

टोमॅटोचा झोपाळा

मे २०२३. किलोला दोन-तीन रुपयेही मिळेनात म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकले. जुलै २०२३. तोच टोमॅटो अनेक शहरांत दीडशे-दोनशे रुपये किलो, आणि सरकारनं सहकारी संस्थांमार्फत तो आधी ९०, मग ८० आणि ७० रुपयांनी विकला. मधे गेले फक्त दोन महिने!

असं का होतं? टोमॅटोला चाळ नाही, शीतगृहात तो फार दिवस राहत नाही. लागवडीपासून तोड्यापर्यंत दोन-अडीच महिने लागतात. भाव पडले की लोक लागवड टाळतात, अडीच महिन्यांनी तुटवडा येतो, भाव चढतो, मग सगळे लावतात आणि पुन्हा पडतो. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात २० किलोच्या कॅरेटवर हा झोपाळा दर हंगामात दिसतो. शहरातली आरडाओरड फक्त वर गेलेल्या टोकाला होते. खालच्या टोकाला बातमीही धड छापून येत नाही, याचा राग येतो.

जिचा भाव उतरतच नाही ती भाजी

आता मोठा अपवाद. पावसाच्या पहिल्या सरींनंतर ठाणे, पालघर, रायगडकडच्या आदिवासी बाया शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. जेमतेम दोन-तीन आठवडे. सोबत काकडांची हिरवी फळं विकायला असतातच, कारण शेवळं खाजरी आणि काकडाचा आंबटपणा ती खाज मारतो. एक घेतलं आणि दुसरं विसरलात तर घसा आठवण करून देईल. मागोमाग कोवळा टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू येतात.

श्रावणाच्या सुमारास करटुली म्हणजे कंटोळी येतात, दोनशे रुपये किलोच्या पुढे आणि तरी ऐटीत. त्यांच्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, फळ फक्त मादीला. कोरड्या महिन्यांत वेल दिसेनासा होतो, जमिनीखाली कंद झोपून राहतो. अशा भाज्यांची आवक वाढवता येत नाही. कुणीतरी पहाटे रान तुडवून त्या खुडलेल्या असतात. म्हणून तिथे घासाघीस नको.

पंचांगानं ठरणारे भाव

आषाढी एकादशी आणि महाशिवरात्र म्हणजे रताळ्याचे दिवस. पितृपक्षात गवार, भेंडी, कारली, भोपळा एकदम वधारतात, कारण श्राद्धाच्या पानावर त्या लागतातच. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, म्हणून परसातल्या अळू, लाल माठ, सुरण, दोडका, मक्याच्या कणसांचे वाटे होतात. दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी विचारत नाही.

उलट भोगीची भाजी बघा. जानेवारीत पावटा, घेवडा, सोलाणे, गाजर, वांगी, बोरं सगळं एकदम भरात असतं आणि स्वस्त असतं. ते एकत्र करून बाजरीच्या भाकरीबरोबर खायचं ज्यांनी ठरवलं, त्यांना मोसम आतून कळला होता. जळगावचं भरताचं हिरवं वांगं आणि रायगडातली वालाच्या शेंगांची पोपटीही याच थंडीतली. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरीसुद्धा. तिथलं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, त्याआधीपासून ते स्ट्रॉबेरीचं गाव आहेच. थंडीत एकच गोष्ट रुसते, ती म्हणजे शेवगा. गारठ्यात त्याला फूल कमी, म्हणून शेंगा महाग. आमटीत शेवगा हवा तर उन्हाळा येऊ द्या.

दोन मंडया, एक नाव

मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं. त्याच्या दर्शनी भागावर शेतकऱ्यांची शिल्पं आहेत, ती रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंग यांची. पुण्याची मंडई १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. आज दोन्ही मंडयांना नाव आहे महात्मा फुले यांचं. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसाचं नाव शेतमालाच्या बाजाराला मिळावं, हे अगदी योग्य झालं.

पुढच्या वेळी मंडईत गेलात की घरून यादी नेऊ नका. नेहमीच्या भाजीवालीला विचारा, ‘मावशी, सध्या भरात काय आहे?’ आणि ती सांगेल ते पाव किलो जास्त घ्या.